वाळू काही पीत नाही

वाळू काहीही पिते, असं माझ्या उस्तादाने मला शिकवलं होतं. त्याने शिकवलेल्या शंभर गोष्टींपैकी एवढी एकच खोटी निघाली, आणि मी नेमकी तीच मनापासून पाळली.

उस्ताद जालन्याच्या एका जिनिंगमध्ये इंजिनावर होता. मी हसनाबादच्या सुताराचा मुलगा. बापाच्या हाताखाली गाडीची चाकं ठोकायची सोडून जालन्याला पळालो आणि तीन वर्षं उस्तादाच्या शिव्या खात इंजिन शिकलो. क्रूड तेलावरचं एका सिलिंडरचं इंजिन कसं तापवायचं, जड चाकाला झोका कसा द्यायचा, नुसत्या आवाजावरून त्याचं दुखणं कसं ओळखायचं, हे सगळं त्याने मला बराबर शिकवलं. एकदा मी विचारलं की इंजिनातून निघालेलं हे काळं तेल कुठे टाकायचं. त्याने मान न वळवता मागच्या वाळूच्या ढिगाकडे हात केला, "रेत सब पी जाती है," म्हणाला आणि बिडी पेटवली. माझं तेवढ्यावर समाधान झालं.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मला परतुराकडच्या एका गावात काम मिळालं. गाव दुधनेच्या काठावर. तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यात होतं. तिथल्या शेठजींनी पिठाची गिरणी घातली होती, आणि इंजिन चालवायला त्यांना माणूस हवा होता. शेठजींचे पूर्वज कधीकाळी मारवाडातून आलेले, धर्माने जैन. पण शेठजींचं मराठी माझ्यापेक्षा गावरान होतं. इंजिन थंड ठेवायला पाणी लागतं म्हणून गिरणी गावात न घालता त्यांनी ती गावापासून अर्धा-पाऊण मैल वर, नदीच्या वळणावर घातली होती.

मी तिथे गेलो तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो आणि माझ्याएवढा शहाणा माणूस दुधनेच्या दोन्ही काठांवर नाही, अशी माझी खात्री होती. खाकी सदरा, खिशात सुताचा बोळा, बोटांना तेल. पाच-सात गावांच्या बाया जातं सोडून दळण घेऊन यायच्या. इंजिन सुरू झालं की त्याचा पुकपुक आवाज पार शिवारापर्यंत जायचा आणि लोक म्हणायचे, डायव्हरसाहेब आले. साहेब! बापाला आयुष्यात कोणी साहेब म्हटलं नव्हतं. मी त्या शब्दावर इतका लट्टू होतो की कोणी नुसतं डायव्हर म्हटलं तर त्याचं दळण शेवटी घ्यायचो.

गिरणीच्या मागे काठ उतरून गेलं की नदीची कोरडी वाळू. तिथे बाभळीच्या सावलीत मी कमरेइतका खड्डा केला होता. आठवड्याला निघणारं काळं तेल त्यात ओतायचं, वर दोन पाट्या वाळू ढकलायची, काम झालं. पावसाळ्यात नदी यायची आणि खड्डा भरून वर नवी कोरी वाळू पसरून जायची. खरं म्हणजे शेठजींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ते तेल डब्यात धरून ठेव, गाडीवाले वंगणाला नेतील. मी स्वतः सुताराचा पोर. आखाला वंगण किती लागतं ते मला सांगायला नको होतं. पण डबे भरायचे, ते गाडीवाल्यांना द्यायचे, रिकामे परत आणायचे, हे सगळं साहेबाला शोभण्यासारखं नव्हतं.

आता नदीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यात घडलं.

होळी झाली की दुधना वरून आटायची. पाणी संपायचं नाही, वाळूखाली जायचं. मग गाव वाळूत झिरे खणायचं. झिरा म्हणजे हात-दोन हात खोल खड्डा. त्यात तळाशी पाणी हळूहळू झिरपून येतं, आणि बाया वाटीवाटीने ते घागरीत भरतात. झिऱ्यांना कायदा होता, आणि तो कोणी लिहिलेला नव्हता. पिण्याचा झिरा सगळ्यांत वर. त्याच्या खाली धुण्याचा, त्याच्या खाली जनावरांचा, आणि सगळ्यांच्या शेवटी रंगाऱ्याचा. महारवाड्याचा पिण्याचा झिरा गावाच्या झिऱ्याच्या खाली. शिवाशीव कायद्याने गेली होती, वाळूत मात्र ती जिथल्या तिथे होती. तेव्हा मला त्यात काही खटकलं नव्हतं, हेही इथेच लिहून टाकतो.

पिण्याच्या झिऱ्यावर रोज सकाळी शेठजींची आई यायची. म्हातारी पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायची, आणि गाळून झालं की फडकं उलटं करून, वरून गाळलेलंच पाणी ओतून, फडक्यावर राहिलेलं सगळं पुन्हा त्याच झिऱ्यात हळूच सोडायची. मी एकदा हसून विचारलं की हे कशाला. ती म्हणाली, त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते ज्या पाण्यातले त्याच पाण्यात सोडावे लागतात, दुसऱ्या पाण्यात टाकले तर मरतात. मी ही गोष्ट गिरणीवर येणाऱ्यांना चेष्टेने सांगायचो.

रंगारी पन्नाशीचा होता. सगळं गाव त्याला चाचा म्हणायचं. घरात तो आणि चाची, दोघंच. लग्नसराईत आसपासच्या गावांतली लुगडी, फेटे, शेले त्याच्याकडे यायचे. त्याच्या अंगणात रंग कालवायच्या मातीच्या नांदी पुरलेल्या होत्या आणि त्याची नखं कायम निळी असायची. ॲक्शनच्या दिवसांत त्याचे सगळे भाऊबंद आसपासच्या गावांतून उठून निघून गेले. तोही गाडी भरून निघाला होता. तेव्हा गावातले चार जाणते त्याच्या दारात दिवसभर बसून राहिले आणि आमच्या लेकींची लुगडी कोण रंगवील म्हणून त्यांनी त्याची भरलेली गाडी उतरवून घेतली. गाव ही गोष्ट पाहुण्यांना अभिमानाने सांगायचं, आणि अभिमान वाटावा अशीच ती होती.

माझ्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी पाऊस कमी झाला. नदीला पूर असा आलाच नाही. गढूळ पाणी आलं आणि काठ न भिजवताच गेलं. माझा खड्डा त्या वर्षी कोणी धुतला नाही. त्यातच शेठजींना धान्य भरायला पिंपं हवी होती, म्हणून क्रूडची चार रिकामी पिंपं मी राकेलने खळबळून धुतली आणि तळाच्या काळ्या गाळासकट सगळं त्या खड्ड्यात ओतलं. वाळूने ते बघता बघता आत घेतलं. उस्तादाची मला त्या दिवशी आठवणही आली.

चैत्रात गावाजवळचे झिरे आटले. लोक वर सरकले, पुन्हा आटले, पुन्हा वर सरकले. अशा रीतीने झिरे कधी नव्हे ते गिरणीच्या वळणापर्यंत आले, माझ्या खड्ड्यापासून दोनशे पावलांवर. सगळी रांगच्या रांग कायद्याप्रमाणे आली: वर पिण्याचा, सगळ्यांत खाली रंगाऱ्याचा.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर थोडंसं कळलंही होतं. पण आपल्या पायाखालचं कळून घ्यायला माणूस फार वेळ लावतो.

चाचाला माझ्याआधी कळलं. एका दुपारी गिरणी बंद होती, मी पट्ट्याला राळ लावत होतो, तेव्हा तो काठ चढून आला. त्याने आधी इंजिनाची चौकशी केली. हे तेल कुठून येतं, असं विचारलं. मला ज्ञान पाजळायची संधीच हवी होती. मी सांगितलं की जमिनीतून येतं. विहिरीतून पाणी काढावं तसं काढतात. परदेशात तर आहेच, पण आपल्या देशातही आसामात तेलाच्या विहिरी आहेत. त्याने ते लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाला की जमिनीनं इतकं खोल दडवून ठेवलं, तर तिचं काही कारण असेल. मी हसलो. तो हसला नाही. मला घेऊन बाभळीखाली गेला, माझ्या खड्ड्यावरची वाळू त्याने पायाने सारली आणि बोट खुपसून मला दाखवलं. निळ्या नखावर काळं तेल होतं.

"रेत काही पीत न्हाई, बेटा. ठेवून घेती," तो म्हणाला. "आमचा धंदाच पान्याचा हे, मला मालूम हे. तुमच्या तेलाचा बारीक तवंग वरून माझ्या झिऱ्यापर्यंत आलाय. वरच्या झिऱ्यावरली बेंडकं गेली, पाह्यलं का? दोन-चार दिवस लागून ही काळी रेत काढून टाका. बिलकुल साफ होईन. मी कुनाला बोलत न्हाई."

तो आठ माणसांत बोलला असता तर मला राग यायला कारण तरी होतं. एकट्यात, हलक्या आवाजात, बेटा म्हणून बोलला, आणि तरीही मला राग आला. लुगडी बुडवणारा माणूस मला तेलाचं शिकवतो! मी म्हणालो की तुम्ही तुमचा रंग सांभाळा, इंजिनाचं मी बघतो. तो बरं म्हणाला आणि आला तसा काठ उतरून गेला.

त्यानंतर आठ-दहा दिवस मी काहीही केलं नाही. रोज उद्या करू म्हणायचो. तोपर्यंत पिण्याच्या झिऱ्यावरचा तवंग सगळ्यांना दिसण्याइतका दाट झाला. शेठजींच्या आईच्या फडक्यावर डाग पडले आणि ते रिठ्यानेही निघेनात. पाण्याला कडवट वास येऊ लागला, भाकरीला तो लागू लागला. सकाळचं ऊन पडलं की झिऱ्यावर जांभळे, हिरवे, पिवळे पट्टे हलायचे. दोन-तीन घरांत पोटं बिघडली. गावात राकेल चिमणीपुरतं, तेही बाटलीतून. तेलाचा तवंग पाण्यावर कसा दिसतो हे कोणी कशाला पाहिलेलं असणार. लोकांना पाण्यावर रंग दिसला, आणि गावात रंग कोणाकडे असतो हे लहान पोरालाही ठाऊक होतं. चाचा अलीकडे विलायती रंगाच्या पुड्याही वापरायचा, त्यांना वास यायचा, हे लोकांना आठवलं. त्याचा झिरा तर सगळ्यांत खाली आहे, खालचा रंग वर कसा चढेल, असं एक-दोघांनी म्हटलं. त्यावर उत्तर निघालं की तो चोरून वरच्या अंगाला कपडे धूत असेल.

एका सकाळी सगळे झिऱ्यावर जमले. पाटील, शेठजी, गावातले जाणते, घागरी घेतलेल्या बाया. चाचाला बोलावलं होतं. मलाही बोलावलं, कारण वरच्या अंगाला दिवसभर राहणारा मी एकटाच. आदल्या संध्याकाळी मी खड्ड्यावर दहा पाट्या नवी वाळू टाकून, ती पायाने सारखी करून ठेवली होती. म्हणजे मला काय करायचं आहे हे माझ्या हातांना आधीच ठाऊक होतं.

पाटलांनी मला विचारलं, "डायव्हरसाहेब, तुमी दिसभर वर असता. हा कधी वरच्या अंगाला आल्ता का?"

"आल्ता," मी म्हणालो.

त्यात खोटं काही नव्हतं. म्हणूनच तो शब्द तोंडातून इतका सहज निघाला.

पाटील चाचाकडे वळले आणि कशाला गेल्तास म्हणून त्यांनी विचारलं. चाचा म्हणाला, डायव्हरशी बोलायला गेल्तो. काय बोलायला? तेव्हा चाचाने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात धमकी नव्हती की विनवणी नव्हती. दळणाच्या रांगेत मागच्याला पुढे जायला वाट देऊन माणूस उभा राहतो, तसा तो उभा होता.

"ते डायव्हरच सांगतील," तो म्हणाला.

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. शेठजींच्या आईचंही. मला एवढंच म्हणायचं होतं की तेल माझं आहे. फार तर शेठजींनी चार शब्द सुनावले असते. गिरणी सुटेल याची मला भीती नव्हती, दुसरी मिळाली असती. मला 'साहेब' सुटण्याची भीती वाटली. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी मी ते केलं, हे आज लिहितानाही हात आखडतो.

"लुगड्याचं बोलायला आल्ते," मी म्हणालो. "घरी डोहाळजेवण हाय. हिरवं रंगवायला दिलंय."

वर्षभरापूर्वी माझं लग्न झालं होतं, बायकोला दिवस गेले होते, आणि लुगडं खरोखरच दिलेलं होतं. पण माझं घर चाचाच्या घरापासून सात घरांवर. लुगड्याचं बोलायला कोणी भर उन्हात काठ चढून गिरणीपर्यंत येत नाही, हे बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. इतरांच्याही लक्षात आलं, फक्त त्यांनी त्याचा अर्थ वेगळा लावला: मी चाचाला पाठीशी घालतोय. मी कोणाला बोलत नाही, असं चाचाने मला सांगितलं होतं, आणि तो ते पाळत होता.

कोणी त्याला शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. गाव त्याबाबतीत चांगलं होतं. एवढंच ठरलं की पाऊस पडेपर्यंत रंगाऱ्याने नदीत उतरायचं नाही. पिण्याचं पाणी त्याने मळ्यातल्या लांबच्या विहिरीवरून आणावं. पाऊस पडायला दोन महिने होते, आणि ते दोन महिने म्हणजे सगळी लग्नसराई. पाण्यावाचून रंगारी काय करणार? पण नुसत्या धंद्यामुळे तो गेला असं मला वाटत नाही. ज्या चौघांनी त्याची गाडी उतरवून घेतली होती, त्यांतले तिघं त्या सकाळी वाळूत उभे होते. पाच-सहा दिवसांनी तो निघाला तेव्हा त्याच्या दारात कोणी येऊन बसलं नाही. पुरलेल्या नांदी निघत नाहीत. त्या अंगणातच राहिल्या.

निघायच्या आदल्या दिवशी चाची आमच्या घरी लुगडं देऊन गेली. मी गिरणीवर होतो. बायकोने संध्याकाळी मला ते दाखवलं. हिरवा रंग एका बुडवणीत होत नाही. आधी नीळ, ती वाळली की डाळिंबाच्या सालीचं पिवळं, मग तुरटीचं पाणी. एवढं पाणी त्यांनी कुठून आणलं असेल, असं मी उगीच बोलून गेलो. बायको म्हणाली, पिण्याच्या पाण्यातून काढलं. चाची मळ्यातल्या विहिरीवर दिवसातून चार वेळा गेली.

नवं रंगवलेलं लुगडं नेसण्याआधी एकदा पाण्यातून काढतात. दुसऱ्या दिवशी बायकोने घंगाळात पाणी घेतलं, लुगडं बुडवलं, पिळून काढलं. पाणी जसंच्या तसं राहिलं, तळाची कल्हईसुद्धा दिसत होती. पाण्याचे दिवस असे की एकदा वापरलेलं पाणी कोणी फेकत नसे. तिने त्याच पाण्यात माझा खाकी सदरा भिजवला. मी उंबऱ्यात बसलो होतो. सदऱ्यातून हळूहळू काहीतरी वर आलं आणि पाण्यावर पसरलं. जांभळं, हिरवं, पिवळं. तिने हात पाण्यातून काढला आणि बोटं एकमेकांवर चोळून पाहिली.

"रंग कुनाचा सुटला, बघा," ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. ती सातव्या महिन्यात होती. हातातलं काम तसंच टाकून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, मंग आत्ताच जावा, गाडी परतुराच्या वाटेवरच असंल, आणि आधी पाटलाकडं जावा. मी उद्या जातो म्हणालो. त्या उद्याची तिने आठवडाभर वाट पाहिली. नंतर विचारायचं सोडलं. डोहाळजेवणाला ती ते हिरवं लुगडं नेसली नाही. शेजारणीचं मागून नेसली, आणि कोणी विचारलं तर सांगायची की मला ते शोभत नाही.

चाचाने सांगितलं होतं ते काम मग मी केलं. दुपारी गिरणी बंद असताना खड्डा उकरला आणि काळी वाळू पाट्यांनी वाहून लांबच्या खदानीत टाकली. कोणी विचारलं तर इंजिनाच्या पायासाठी वाळू नेतो, असं सांगितलं. चार दिवस लागले. गुडघ्याइतकं खणलं, कमरेइतकं खणलं, छातीइतकं खणलं. वाळू काही प्यायली नव्हती. मी चार वर्षांत जे जे दिलं होतं ते तिने थरावर थर लावून जपून ठेवलं होतं.

दहा-पंधरा दिवसांत झिरे निवळले. बेडूक आले. शेठजींच्या आईचं फडकं पांढरं राहू लागलं. मला वाटलं होतं की पाणी साफ झालं की माझ्या मनावरचं ओझं उतरेल. झालं उलटंच. लोक एकमेकांना म्हणू लागले की पाहा, रंगारी गेला आणि पाणी निवळलं. मनात थोडी शंका होती त्यांचीही गेली. मी पाटी-पाटी वाळू काढून साफ केलेलं पाणीच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरलं. म्हातारी रोज डोळ्यांना न दिसणारे किडे त्यांच्या त्यांच्या पाण्यात परत सोडत होती, आणि तिच्यासमोर उभं राहून मी एका माणसाला त्याच्या पाण्यावरून उठवलं होतं. त्यानंतर ती गोष्ट मी चेष्टेने कोणाला सांगितली नाही.

त्या वर्षीपासून तेल डब्यात धरू लागलो. एक थेंब खाली सांडला तरी मातीसकट उचलायचो. शेठजी कौतुकाने म्हणायचे की डायव्हरला आता अक्कल आली. गावातल्या लग्नांना परतुराच्या दुकानातली लुगडी येऊ लागली. पहिल्या धुण्यातच त्यांचा रंग जायचा आणि बाया चाचाची आठवण काढून हळहळायच्या. माझ्यादेखत हळहळायच्या.

पाच-सहा वर्षांनी, इंजिनाच्या एका सुट्या भागासाठी मी अंबडला गेलो होतो. सरकारी मोटारीतून उतरलो तर स्टँडासमोरच्या हॉटेलात एक जण वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होता. गुजरातेत जमिनीखाली तेल सापडलं होतं. ऐकणारे खूश झाले होते. आता देशाला काही कमी पडणार नाही, असं चाललं होतं. मी ते ऐकत उभा होतो. शेजारीच मोटारदुरुस्तीचं एक दुकान होतं. तिथे एका लॉरीच्या पोटाखालून एक म्हातारा सरपटत बाहेर आला. चाचा होता. मी आधी त्याचे हात पाहिले. नखं निळी नव्हती. कोपरापर्यंत हात माझ्या हातांसारखे काळे होते.

त्याने मला ओळखलं. बस म्हणाला नाही, चहाचं विचारलं नाही. त्याने विचारलं ते नदीचं.

"झिऱ्याचं पानी कसं हे आता?"

चांगलं आहे, मी सांगितलं. वाळू मी काढली, तुम्ही सांगितलं तशी. तेल आता डब्यात धरतो. त्याने मान हलवली. चाची कशी आहे, असं मी विचारलं. ती दोन वर्षांपूर्वी गेली, असं तो म्हणाला. मग सहा वर्षं तोंडात धरून ठेवलेलं वाक्य मी काढलं. चाचा, त्या दिवशी झिऱ्यावर मी तुमच्या बाजूने बोलायला हवं होतं, असं काहीसं म्हणालो. बोलतानाही मी ते सावरूनच बोललो. तुमच्या बाजूने, म्हणे. तेल माझं होतं, हे सरळ म्हणायला तेव्हाही माझी जीभ रेटली नाही.

तो बोळ्याने बोटं पुसत होता. पुसून निघण्यासारखी ती नव्हती.

"मी थांबलो होतो," तो म्हणाला. "झिऱ्यावर थांबलो. मंग घरी पाच दिवस थांबलो. चाची म्हनायची, चला. मी म्हनायचो, डायव्हर येईन. गाडी परतुरात पोचेपर्यंत मी मागं पाहून राह्यल्तो."

बेटा म्हणाला नाही. मी काही बोलायच्या आत तो वाकून पुन्हा लॉरीखाली गेला. खालून त्याने नट सैल केला आणि काळं तेल धारेने पडू लागलं. धार डब्याच्या कडेला लागून बाहेर उडत होती.

"डब्बा सरकवा इकडं," तो खालून म्हणाला. "पाठीमागं विहीर हे लोकांची."

मी गुडघ्यांवर बसलो आणि डबा सरकवला. तेल पूर्ण निथळेपर्यंत तो दोन्ही हातांनी धरून तिथेच बसलो.